धीर म्हणजे सोसणे नव्हे

गणेशोत्सव आला की लालबागच्या रांगेची वर्णने वर्तमानपत्रांतून नेमाने प्रसिद्ध होतात. कोण किती तास उभा राहिला, कोणाला भोवळ आली, कोण ओळखीपाळखीने पुढे शिरला, याची चर्चा घरोघरी रंगते. या उभे राहण्यालाच आपण 'धीर' म्हणतो. आम्हांस हा अर्थ अपुरा वाटतो, आणि तसे वाटण्याचे कारण लालबागच्याच इतिहासात आहे.

१९३२ साली पेरू चाळीतला बाजार बंद पडला आणि तेथील कोळी बांधव व लहान विक्रेते उघड्यावर आले. बाजाराला कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी गणरायाला नवस बोलला. नवस बोलून ते हात जोडून स्वस्थ बसले नाहीत. उघड्यावरच विक्री चालू ठेवली आणि जागेसाठी खटपटही चालू ठेवली. तत्कालीन नगरसेवक कुंवरजी जेठाभाई शहा आदी मंडळी पाठीशी उभी राहिली, जागा मिळाली आणि १९३४ साली तेथे उत्सव सुरू झाला. 'नवसाला पावणारा' हे बिरुद आपण मोठ्या भक्तीने उच्चारतो. पण मधल्या त्या दिवसांत रोज सकाळी पुन्हा मांडलेली टोपली मात्र आपल्याला आठवत नाही. आमच्या मते खरा धीर त्या टोपलीत होता.

दादरहून थोडे पुढे गेले की माहीमचे सेंट मायकेल चर्च लागते. तेथे १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना चालते. लागोपाठ नऊ बुधवार यावयाचे, असा भाविकांचा नेम. ख्रिस्ती कुटुंबांबरोबर कितीतरी हिंदू घरांतील माणसेही तेथे मेणबत्ती लावतात. सोळा सोमवार करणाऱ्या आपल्या माता-भगिनींना हा नेम परका वाटू नये. बुधवार हा कामाचा वार. कचेरी आहे, मुलांची शाळा आहे, लोकलची गर्दी आहे. त्यातून वेळ काढून नवव्या वेळीही पहिल्या वेळच्याच श्रद्धेने जाणे ही निमूट प्रतीक्षा नव्हे, ती कृती आहे. कॅथलिक पंथाचे थोर आचार्य संत थॉमस अक्विनास यांनी सहनशीलतेची गणना शौर्याच्याच पोटात केली, ती उगीच नव्हे. आपल्या गीतेच्या सोळाव्या अध्यायातही दैवी संपत्तीत क्षमा आणि धृती शेजारी शेजारी बसल्या आहेत, आणि त्यांच्या पुढेच तेज उभे आहे!

मात्र येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलणे आम्हांस भाग आहे. धीराचा उपदेश आपण बहुधा दुबळ्यालाच करतो. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात याच गिरणगावातील सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरांना 'धीर धरा' हे शब्द किती वेळा ऐकावे लागले असतील! आणि घरात? सुनेने सोसले की ती सहनशील, आणि सासऱ्यांना चहाला पाच मिनिटे उशीर खपला नाही की तो त्यांचा करारी स्वभाव! ज्याला बोलण्याची मुभाच नाही त्याचे गप्प राहणे म्हणजे धीर नव्हे. रागावण्याचा अधिकार हाती असताना जो स्वतःला आवरतो, त्याच्या मौनालाच ते नाव शोभते. एरवी ती केवळ लाचारी. तिला धर्माचे वस्त्र नेसवू नये.

गिरगावातल्या चाळीत चतुर्थीच्या दिवशी काय चालते ते वाचकांना ठाऊक आहे. बाहेर पुरुषमंडळी अथर्वशीर्षाची आवर्तने पुरी करून 'नैवेद्य झाला का?' म्हणून दर दहा मिनिटांनी विचारतात, आणि आत उकडीला चटके सोसत एकवीस मोदक वळले जातात. यंदा त्या मंडळींनी एखादे आवर्तन झाल्यावर आत जाऊन पाटावर बसावे आणि मोदकाच्या कळ्या पाडून पाहाव्यात. पहिले दोन-चार फुटतील. आरतीला अर्धा तास उशीर होईल. गजाननाची त्याला हरकत असेल, असे आम्हांस तरी वाटत नाही.