हात चांगला आहे, कागद बदला

‘हात साफ नाही’ असा लाल पेनातला शेरा या आठवड्यात एका चित्रावर वाचला आणि तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे. चित्र आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आठवीतल्या मुलीचं. एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी ती चित्रकलेच्या क्लासला जाते. तिथे निळ्या आभाळाचा सपाट वॉश द्यायला सांगितला होता. तिच्या आभाळात आडवे पट्टे उमटले, मध्येच वेड्यावाकड्या कडांचे डाग पडले आणि एका कोपऱ्यात घासून घासून कागदाची लव निघाली. “काकू, मी परीक्षेला नाही बसत. माझा हातच वाईट आहे,” ती म्हणाली.

मी तो कागद खिडकीपाशी नेऊन उजेडावर धरला. पलीकडून माझी बोटं दिसत होती. ब्रश मागितला, तर तिने तीन नंबरचा काढून दिला. या कागदावर, या ब्रशने, वीतभर आभाळ एकसारखं रंगवून दाखवा असं मी कसलेल्या चित्रकारालाही म्हणणार नाही. मुलीला मात्र तेच सांगितलं गेलं आणि जमलं नाही तेव्हा दोष तिच्या हाताचा ठरला.

ज्यांनी शाळेनंतर ब्रश हातात धरला नाही त्यांच्यासाठी सपाट वॉश कसा देतात ते थोडक्यात सांगते. बोर्डाच्या वरच्या बाजूखाली एखादं जाड पुस्तक सरकवून उतार द्यायचा. लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट रंग आधीच डिशमध्ये कालवून ठेवायचा, कारण मध्येच संपला तर पुन्हा तीच छटा जुळत नाही. मोठा ब्रश भरून घेऊन वरून आडवा पट्टा ओढला की त्याच्या खालच्या कडेला रंगाचं पाणी जमतं. पुढचा पट्टा त्या पाण्याला जेमतेम लागेल असा ओढायचा, म्हणजे ते खाली उतरतं. तळाशी साचलेलं पाणी पिळलेल्या ब्रशने टिपायचं आणि हात काढून घ्यायचा.

हात काढून घेणं, हेच क्लासमध्ये कुणी सांगत नाही. उलट “डाग पडलाय, परत फिरव” असं सांगतात. अंगण सारवणारी बाई मागे मागे सरकत येते, सारवलेल्यावर पुन्हा पाय ठेवत नाही, तसंच हे काम आहे. अर्धवट वाळलेल्या रंगावर पाण्याने भरलेला ब्रश टेकला की ते पाणी आधीच्या रंगाचे कण बाजूला ढकलत पसरतं आणि जिथे थांबतं तिथे गडद कड सोडतं. थेंब वाळताना कड गडद का होते याचं उत्तर शिकागो विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी 1997 साली ‘नेचर’मध्ये दिलं. कडेचं पाणी उडून जातं, त्याची जागा भरायला मधलं पाणी कडेकडे धावतं आणि जाताना कण घेऊन जातं. पाण्याची ही चालच आहे. आठवीतल्या मुलीच्या स्वभावाशी किंवा चिकाटीशी तिचा काही संबंध नाही.

ब्रश छोटा असला की हीच चाल आणखी छळते. तीन नंबरच्या ब्रशात एका ओढीपुरताही रंग मावत नाही. मूल डिशपाशी जाऊन येईपर्यंत वरची कड वाळलेली असते. चांगला बारा नंबरचा गोल ब्रश, किंवा इंचभर रुंद चपटा, एवढ्याने निम्मी रडारड थांबेल. विदर्भ-खानदेशात मे महिन्यात जलरंग करणाऱ्यांना हे जास्त कळेल. तिथे मोठ्या ब्रशचा रंगही बघता बघता वाळतो आणि पाण्यात ग्लिसरीनचा थेंब घालायची वेळ येते.

पण खरी गोष्ट कागदाची. जलरंगाच्या कागदाला खळ दिलेली असते, अनेक चांगल्या कागदांना जिलेटिनची. तिच्यामुळे रंग कागदाच्या अंगावर थोडा वेळ ओला राहतो, हलवता येतो, मगच मुरतो. खळ नसेल तर कागद टीपकागद होतो, जिथे ब्रश टेकला तिथेच रंग पिऊन टाकतो. आपल्या हवेत चांगला कागदही बिघडतो. दोन पावसाळे कपाटात दमट राहिलेल्या कागदाची खळ जागोजागी मरते. कोऱ्या कागदावर काहीच दिसत नाही, वॉश दिला की गडद ठिपके उमटतात. त्यावर उपाय नाही, तो कागद पेन्सिलीला वापरायचा.

दुसरा प्रश्न जाडीचा. 300 जीएसएमचा सुती कागद पाणी प्यायला तरी फारसा वाकत नाही. ड्रॉइंगच्या वहीतला पातळ कागद लगेच लाटा धरतो आणि रंग खळग्यांत साचतो. पट्टे तिथूनही येतात. आणि सुती कागद काही परदेशातूनच यावा लागतो असं नाही. आमच्या पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था 1940 पासून आहे, सुती चिंध्यांच्या लगद्यापासून तिथे कागद होत आला. मुलांना एकदा तरी हातकागद कसा होतो ते दाखवायला न्या. ओल्या लगद्याचा थर जाळीवर उचलला जाताना पाहिला की कागद पाणी का पितो हे शिकवावं लागत नाही.

सपाट रंग म्हणजे बालवाडीतलं काम, खरी कला शेडिंगमध्ये, असं त्या क्लासच्या सरांचं मत असल्याचं मुलीने सांगितलं. हे मला अजिबात मान्य नाही. इंग्लंडमध्ये जॉन सेल कॉटमनने 1805च्या सुमारास ग्रेटा नदीवरचा पूल रंगवला. ते चित्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, त्याची छापील प्रत जरूर बघा. पूल, दगड, झाडी, सगळं शांत सपाट वॉशच्या तुकड्यांनी उभं केलेलं. प्रत्येक तुकड्याची कड नेमकी, आत खुडबुड नाही. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं त्याच 1857 साली जॉन रस्किनने नवशिक्यांसाठी ‘द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग’ लिहिलं. त्यात चौकोनात प्रशियन ब्लूचा एकसारखा वॉश देण्याचा सराव आहे. आधी थोर समीक्षक म्हणून नाव झालेला माणूस हे शिकवायला बसला, आणि आपण ते एका तासात उरकतो.

जाता जाता रंगांविषयी. अल्ट्रामरीन हा निळा जात्याच दाणेदार, त्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि आभाळ किंचित रवाळ दिसतं. तो डाग समजून मुलांचे गुण कापू नका. अगदी गुळगुळीत निळा हवा असेल तर थॅलो ब्लू द्या. पण तो कागदाला पक्का धरतो, धुऊन निघत नाही, हेही सांगून ठेवा.

चांगला कागद महाग पडतो, पालकांना परवडत नाही, असं उत्तर मला येणार हे माहीत आहे. म्हणून हिशेब करून ठेवला आहे. जलरंगाचा पूर्ण ताव 22 गुणिले 30 इंचांचा असतो. त्याचे सोळा तुकडे केले तर प्रत्येकी साडेपाच गुणिले साडेसात इंचांचा कागद मिळतो. वॉशच्या सरावाला तो पुरेसा आहे. अर्ध्या वर्गाला एक ताव. शाळांनी ऑगस्टमध्येच एकत्र मागवावेत, परीक्षा तोंडावर आल्यावर दुकानात मिळत नाहीत. वरच्या मजल्यावरच्या मुलीचा तुकडा मी कापून ठेवला आहे, आणि क्लासच्या सरांसाठीही एक.