ब्लेड खाली ठेवा!

मागच्या डिसेंबरात सुट्टीला अर्जुनी मोरगावला घरी गेलो होतो. सकाळी सकाळी बाबांना हुक्की आली, चल इटियाडोहला. गाढवी नदीवरचं हे मातीचं धरण. थंडीत पाण्यावरून असं धुकं उठतं की दहा पावलांवरचं झाड दिसत नाही. परत निघताना बाबांनी रिव्हर्स टाकला आणि मागून कोणीतरी जोरात ओरडलं. ब्रेक! सायकलवरचा दूधवाला, बंपरपासून हातभर लांब.

डीफॉगर चालू होता. तरी मागच्या काचेच्या मधोमध वाफेचा जाड पट्टा तसाच.

कारण आम्हीच. गाडी सेकंडहँड. मागच्या काचेला आतून आधीच्या मालकाचा नागपूरच्या कुठल्याशा सोसायटीचा पार्किंग स्टिकर होता. तो एका वॉशिंग सेंटरवर काढून घेतला. पोराने सरळ ब्लेड उचललं. मी म्हटलं, जरा जपून. "काही नाही होत ना भाऊ, काच हाय ते!" दोन मिनिटांत स्टिकर साफ. सोबत डीफॉगरच्या चार रेघाही साफ.

माझं भांडण त्या पोराशी नाही. त्याला गाडीमागे पैसे मिळतात, त्याला घाई असणारच. भांडण आपल्याशी आहे. मोबाईल घेतला की दुकानातून बाहेर पडायच्या आत स्क्रीनगार्ड लावणारे आपण, लॅपटॉपला वेगळं मऊ फडकं ठेवणारे आपण, आणि गाडीच्या काचेवर ब्लेड चालताना शेजारी उभं राहून व्हॉट्सअ‍ॅप बघणारेही आपणच! २०१२ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने काळ्या फिल्मवर बंदी आणली, तेव्हाही चौकाचौकात हाच प्रकार. नख लाव, ओढ, उरलेलं खरवड.

अहो, त्या रेघा म्हणजे डिझाइन नव्हे. चांदीयुक्त पेस्टचे ते पट्टे काचेच्या आतल्या बाजूला भाजून बसवलेले असतात. प्रत्येक रेघ वेगळी, समांतर जोडलेली. एक तुटली की तेवढाच पट्टा गार पडतो, बाकीच्या चालू. म्हणून बिघाड कळतच नाही. आमच्या धंद्यातल्या सायलेंट फेल्युअरसारखा, थेट धुक्यात कळतो.

आणि उपाय काय रॉकेट सायन्स आहे? हेअर ड्रायर घ्या, दोन-तीन मिनिटं लांबून फिरवत गरम हवा द्या. डिंक मऊ झाला की एका कोपऱ्यापासून, काचेला जवळजवळ चिकटवूनच, हळूहळू सोलत चला. उरलेल्या चिकट्यावर खोबरेल तेल लावून अर्धा तास सोडा. मग फडक्याने, रेघांच्या दिशेने, आडवं पुसा. शेवटी भांड्याच्या साबणाचं पाणी. खरवडायचंच झालं तर जुनं एटीएम कार्ड, तेही रेघांपासून लांब. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर नको, काचेला काही होणार नाही पण फिल्म, रबर आणि प्लॅस्टिकची वाट लागेल. थंडीत गार काचेवर उकळतं पाणी तर अजिबात नको, तडकेल. फास्टॅग असेल तर आधी तो खात्यातून बंद करा, मगच काढा. एकदा सोलला की तो टॅग मेलाच.

"एवढा वेळ कोणाकडे आहे?" हा ठरलेला प्रश्न. तास जातो, मान्य. रविवारी रील्स बघण्यात किती जातो?

खरा मुद्दा वेळेचा नाहीच. जी गोष्ट आपल्याला कळत नाही तिच्यावर जोर लावायचा, आणि "काही नाही होत" म्हणायचं, ही सवय आहे. काचेला अनडू नसतो राव.

बाबांनी हल्ली मागे घेताना खाली उतरून बघायची सवय लावली आहे. एकोणसत्तराव्या वर्षी, गुडघे दुखत असताना, दर वेळी. एका स्टिकरपायी.

म्हणून म्हणतो, ब्लेड खाली ठेवा.