चोर आत, मालक दाराशी

एखाद्या शिक्षकाने सकाळी संगणक उघडावा, परवलीचा शब्द टंकावा आणि तो चुकीचा असल्याचे उत्तर यावे. आणि तोवर त्याच्याच नावाने त्याच्या परिचितांकडे ‘अडचणीत आहे, पैसे पाठवा’ अशी पत्रे रवाना झालेली असावीत, हा प्रकार आता नवलाचा राहिलेला नाही. याहू कंपनीच्या २०१३ मधील चोरीची झळ तीन अब्ज खात्यांना पोहोचली आणि हा पुरा आकडा कंपनीने जाहीर केला तो २०१७ मध्ये. चोरीची चर्चा अशी पुष्कळ होते. चोरीला गेलेले ई-मेल खाते मालकाला परत कसे मिळावे, हा प्रश्न मात्र उपेक्षितच आहे.

ई-मेल म्हणजे केवळ टपालपेटी, ही समजूत केव्हाच कालबाह्य झाली. विद्यापीठाचा अर्ज असो, नोकरीसाठीची नोंदणी असो वा वस्तूंची खरेदी, ‘पासवर्ड विसरलात?’ या शब्दांवर बोट ठेवताच नवी किल्ली अनेकदा याच पेटीत येऊन पडते. पेटी ज्याच्या हाती, त्याच्या हाती सारे घर.

आता मालकी सिद्ध करण्याची रीत पाहावी. पूर्वी गुप्त प्रश्न विचारले जात. २००८ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचे याहू खाते एका विद्यार्थ्याने उघडले ते याच वाटेने. त्यांची जन्मतारीख आणि पतीशी त्यांची पहिली भेट कोठे झाली, हे जगजाहीर होते. पुढे प्रश्न मागे पडले आणि मोबाईल क्रमांक व दुसरा ई-मेल पत्ता यांवर भिस्त आली. परंतु आत शिरलेला चोर प्रथम हे दोनच बदलतो. मग यंत्र सांकेतिक अंक पाठविते ते चोराकडे, आणि खऱ्या मालकास सांगते की तुमची ओळख पटत नाही! गूगलच्या खात्यात बदललेला जुना क्रमांक सात दिवसांपर्यंत कामी येऊ शकतो. नेहमीच्याच उपकरणावरून, नेहमीच्याच ठिकाणाहून प्रयत्न केल्यास यश येण्याचा संभव अधिक असतो. ही सोय ठाऊक असणारे थोडे. गोंधळलेला माणूस नेमका शेजाऱ्याच्या संगणकाकडे धावतो आणि यंत्राच्या लेखी अधिकच परका ठरतो.

या साऱ्यात दाद मागण्यासाठी जिवंत माणूस क्वचितच भेटतो, आणि त्याचे कारण अर्थशास्त्रीय आहे. सेवा विनामूल्य आहे. खरे गिऱ्हाईक जाहिरातदार आहे. खिडकीवर माणूस बसवायचा तर वेतन कंपनीने द्यावयाचे, न बसविल्यास नुकसान खातेदाराचे. ते कंपनीच्या ताळेबंदात कोठेच उमटत नाही. जो खर्च दुसऱ्याच्या माथी मारता येतो, तो कोणताही धंदा आपण होऊन पत्करीत नाही.

बँकांनीही तो आपण होऊन पत्करला नव्हता. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये दंडक घातला की, चूक बँकेची वा खातेदाराची नसून अन्यत्र असेल आणि खातेदाराने तीन कामकाजी दिवसांत कळविले असेल, तर त्याच्यावर तोशीस नाही. आणि दोष खातेदाराचा असल्याचे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. ई-मेलच्या बाबतीत हा भार अगदी उलटा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-सी दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगते. पण चोराला शिक्षा होणे निराळे आणि खाते हाती येणे निराळे. २०२१ च्या नियमांनी कंपन्यांवर तक्रार अधिकारी नेमण्याची सक्ती केली, जानेवारी २०२३ मध्ये त्यांवर अपील समित्याही आल्या. तथापि मालकी कोणत्या पुराव्याने ठरवावी, याचा दंडक काही त्यांतून आला नाही.

माणूस बसविला की सारे सुरळीत होईल, असेही नाही. २०१२ मध्ये मॅट होनन या अमेरिकन पत्रकाराचे ॲपल खाते चोरांनी मिळविले ते दूरध्वनीवरील कर्मचाऱ्यालाच फसवून. त्यासाठी घरचा पत्ता आणि क्रेडिट कार्डाचे शेवटचे चार अंक पुरले. म्हणून गोठविणे आणि उघडणे या दोन क्रिया वेगळ्या कराव्यात. तक्रार येताच, जुना क्रमांक तक्रारदाराकडे असल्याचे दिसताच, खाते तत्काळ गोठवावे. उघडण्याचा निर्णय मात्र सावकाश, ओळखपत्र पाहून, ठरावीक मुदतीत माणसाने द्यावा. चुकून गोठविलेले खाते चार दिवसांनी उघडता येते. चुकून चोराला उघडून दिलेले परत मिळविणे महाकठीण. यासाठी अल्प शुल्क आकारले तरी हरकत नसावी. खोडसाळपणे दुसऱ्याचे खाते गोठविणारे निघतील, त्यांनाही ते शुल्क थोडा लगाम घालील.

आणि खिडकीवरच्या त्या माणसाने खाते परत देताना मालकाला एक गोष्ट दाखवून द्यावी. येणारी पत्रे परस्पर अन्यत्र धाडण्याची सूचना चोर अनेकदा मागे ठेवून जातो. परवलीचा शब्द बदलला तरी ती सूचना पुसली जात नाही, आणि मालक निर्धास्त झाल्यानंतरही त्याचे प्रत्येक पत्र दोघांकडे पोहोचत राहते.