शेतकामाचा पोशाख व मालकाचें कर्तव्य

पोळा जवळ आला म्हणजे आपण बाजारांतून नवी वेसण, नवा कासरा, गोंडे व ऐपत असल्यास नवी झूलही आणतों. बैल हा शेतीचा आधार. त्याच्यासाठीं चार पैसे खर्च झाले याचें कोणास वाईट वाटत नाहीं, व वाटूंही नये. परंतु त्या बैलामागें चालणाऱ्या माणसाच्या अंगावर काय आहे, इकडे आपल्यापैकीं किती जणांचें लक्ष जातें? बहुधा तो घरीं वापरून टाकाऊ झालेला सदरा घालून कामावर येतो. कापूस वेचणाऱ्या बायांकडे पाहिलें तर साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा सदरा चढविलेला दिसतो. तो त्यांना कोणी शिकविला नाहीं. ऊन व बोंडांचीं टोकें यांपासून हात वांचविण्यासाठीं त्यांनींच ही युक्ति काढली. कामाच्या कपड्याची गरज मजुरास केव्हांच कळली आहे. ती मालकास कळावयाची राहिली आहे.

पूर्वी पाडव्यास किंवा अक्षय तृतीयेस सालगडी ठरवितांना रोख रकमेबरोबर धान्य, वहाणांचा जोड, घोंगडी व अंगावरचे कपडे यांचीही बोली होत असे. त्या पद्धतींत दोष पुष्कळ होते. कर्जांत गुंतलेला गडी वर्षानुवर्षें एकाच दारीं अडकून राही. तेव्हां ती पद्धत परत यावी असें कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. रोख मजुरीनें मजुरास मोकळीक मिळाली हें चांगलेंच झालें. मात्र बोलींतून कपडे गेले ते पुन्हां कोणाच्याच हिशेबांत आले नाहींत. मालक समजतो कीं मजुरींत सर्व आलें. मजुराच्या घरीं पैसा येतांच किराणा, औषध, मुलांची शाळा व देणें यांची रांग लागलेली असते. कामाचा कपडा त्या रांगेंत शेवटीं उभा राहतो व त्याची पाळी येतच नाहीं.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं कामाचा पोशाख हें नांगर-कुळवाप्रमाणेंच शेतीचें अवजार आहे, व अवजाराचा खर्च मालकानें करावयाचा असतो. उपकार म्हणून जुनेरें वांटण्याचा हा प्रश्न नव्हे.

आतां हा खर्च झेपेल कसा तें पाहूं. कपडा स्वस्त कीं महाग हें त्याच्या किमतीवरून न ठरवितां तो किती दिवस टिकतो यावरून ठरवावें. समजा, आठवडे-बाजारांत 250 रुपयांस घेतलेला तयार सदरा काट्याकुट्यांत चार महिने टिकला, व 450 रुपयांस शिवून घेतलेला जाड सदरा बारा महिने टिकला. पहिल्याचा वर्षाचा खर्च 750 रुपये होतो, दुसऱ्याचा 450. स्वस्त म्हणून घेतलेला कपडा असा महाग पडतो.

कापड सुती व तिरप्या विणीचें, ज्यास आपण ड्रिल म्हणतों तें, मळखाऊ रंगाचें घ्यावें. सुती कापड घाम शोषून घेतें. नुसत्या कृत्रिम धाग्याचें कापड लवकर वाळतें, परंतु उन्हांत अंगास काहिली करतें. गांवांतील लोहार किंवा वेल्डिंगचें काम करणारा कारागीर यानें तर तें मुळींच वापरूं नये. ठिणगी पडतांच धागा वितळून कातडीस चिकटतो. नवें सुती कापड आटतें, म्हणून बेतण्यापूर्वीं तें रात्रभर पाण्यांत भिजवून वाळवावें. शिवण दुहेरी असावी. कोपरांवर व गुडघ्यांवर पहिल्यापासूनच कापडाचा दुसरा थर लावावा. बगलेंत चौबगला घालावा, म्हणजे कुऱ्हाड किंवा टिकाव उचलतांना बगल उसवत नाहीं. आपल्या आजांच्या बंड्यांस चौबगला असे तो याच कारणास्तव. 36 इंच पन्ह्याच्या कापडांतून पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यास सुमारें अडीच मीटर लागतें, एवढें ध्यानांत ठेवल्यास हिशेब करण्यास अडचण पडणार नाहीं.

येथवर गोष्ट सोयीची व काटकसरीची झाली. फवारणीच्या कामांत मात्र ती जिवाची होते. 2017 सालच्या खरिपांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध मारतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि शेंकडों लोकांस दवाखान्यांत ठेवावें लागलें. त्या वर्षीं कपाशी फार उंच वाढली होती, त्यामुळें पंपाचा फवारा तोंडाच्या उंचीस उडत होता. आणि त्यापासून बचाव करील असा पोशाख फवारणाऱ्यांच्या अंगावर नव्हता. औषध पोटांत गेलें तरच बाधतें अशी आपली समजूत असते. फवारणींत तें मोठ्या प्रमाणांत कातडीवाटें शरीरांत शिरतें. प्रोफेनोफॉस व मोनोक्रोटोफॉस यांसारखीं औषधें मज्जातंतूंचें काम बिघडवितात. दरदरून घाम सुटणें, लाळ गळणें, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणें व धाप लागणें हीं त्या विषबाधेचीं लक्षणें होत.

कायदा या बाबतींत मुका नाहीं. कीटकनाशक अधिनियम 1968 सालचा आहे. त्याखालीं 1971 सालीं केलेल्या नियमांत अंग झांकणारा पोशाख व टोपी, मनगटाच्या बरेच वर येणारे रबरी हातमोजे, डोळ्यांस चष्मा व पायांस बूट हें सर्व सांगितलेलें आहे. नियम असूनही तो शेतांत दिसत नाहीं, याचें कारण केवळ निष्काळजीपणा नव्हे. सर्वांगास प्लास्टिक गुंडाळून आश्विनांतल्या उन्हांत तासभर काम करणें माणसास सोसत नाहीं. या अडचणीवर उपाय म्हणून बंगळूर येथील एका सरकारी संशोधन-संस्थेच्या प्रयत्नानें तयार झालेला ‘किसान कवच’ नांवाचा पोशाख डिसेंबर 2024 मध्यें दिल्लीस जाहीर झाला. त्याच्या सुती कापडावर औषध पडलें असतां त्याचें विष रासायनिक क्रियेनें मोडतें. तो 150 वेळां धुतां येतो व दोन वर्षें चालतो असें सांगण्यांत आलें; किंमत 4,000 रुपये जाहीर झाली. एकट्या मजुरास ही किंमत झेपणारी नाहीं. परंतु पांच शेतकऱ्यांनीं मिळून एक पोशाख घेतल्यास प्रत्येकावर 800 रुपये, म्हणजे वर्षास 400 रुपये पडतात. औषधाच्या एकंदर बिलापुढें ही रक्कम कांहींच नव्हे.

तोंवर जाड सुती कापडाचा पूर्ण बाह्यांचा सदरा व विजार, हातमोजे, डोळ्यांस चष्मा, नाकातोंडास योग्य मुखपट्टी, बूट, आणि पंप गळून पाठ भिजूं नये म्हणून पाठीवर प्लास्टिकची झूल, एवढें तरी असलेंच पाहिजे. मात्र औषधानें भिजलेलें सुती कापड अंगाशीं विष धरून ठेवतें. म्हणून कपडा भिजतांच काम थांबवून तो बदलावा व साबणानें आंघोळ करावी. ते कपडे घरांतील धुण्यांत घालूं नयेत, धुणाऱ्यानें हातमोजे घालावेत, आणि तें पाणी ओढ्यांत, विहिरीजवळ किंवा गुरांच्या हौदाकडे जाऊं देऊं नये. नाहींतर फवारणाऱ्याच्या बायकोस व लेकरांस विनाकारण बाधा व्हावयाची.

रोजंदारीचा मजूर आज आपल्याकडे व उद्यां दुसऱ्याकडे. त्यास कपडे देऊन आपला काय लाभ, असा आक्षेप येईल. त्यावर उत्तर सोपें आहे. फवारणीचा पोशाख माणसाचा नसून पंपाचा समजावा. पंप तेथें पोशाख. जो पंप देईल त्यानें पोशाख द्यावा, व सायंकाळीं दोन्ही धुऊन जागच्या जागीं ठेवावेत. सालगड्यास मात्र वर्षारंभीं दोन जोड त्याच्या मापाचे शिवून द्यावेत व ते त्याचे समजावेत. मजुरींतून त्यांचे पैसे कापूं नयेत. तो ते विकून टाकील ही भीति आम्हांस खरी वाटत नाहीं. अंगाला बसणारा, खिसा असलेला, धड कपडा कोणी सहसा विकत नाहीं.

आतां आपल्या संघानें काय करावें हें सांगून आटोपतों. प्रत्येक शाखेनें पाडव्यापूर्वीं दोन महिने सभासदांची मागणी नोंदवावी. इचलकरंजी, मालेगांव व भिवंडी येथें यंत्रमागांचीं पेठा आहेत. तेथून कापड ताग्यानें आणल्यास फुटकळ दरापेक्षां स्वस्त पडेल. सोलापुरांत गणवेश शिवण्याचा मोठा धंदा असून मागणी पुरेशी असेल तर तेथें तयार कपडेही सांगतां येतील. थोड्या मागणीस गांवचा शिंपी किंवा बायकांचा बचत गट पुरे. बायांसाठीं निराळें माप घ्यावें. नवऱ्याच्या सदऱ्याची नक्कल करूं नये. वेचणीच्या सदऱ्यास मनगटाशीं गुंडी व पुढें मोठा खिसा असावा.

जो कापूस आपण पिकवितों त्याचें कापड याच मुलखांत विणलें जातें, आणि तो कापूस वेचणारीच्या अंगावर मात्र फाटका सदरा असतो. हें लाजिरवाणें आहे. पण तें बदलण्यास सरकारच्या मदतीची वाट पाहावी लागेल असें नाहीं. येत्या पोळ्यास झुलीसाठीं बाजारांत जाल तेव्हां गड्याचें मापही बरोबर न्यावें, एवढीच आमची सभासद बंधूंस विनंति आहे.