सहाशे साचे आणि एकोणऐंशी संकेत

मोडी लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, आता ती तरली, असे समाधानाने सांगणारे सुशिक्षित अलीकडे पुष्कळ भेटतात. या समाधानाला माझा विरोध आहे. जून २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीच्या एकोणऐंशी चिन्हांना संगणकीय संकेतांक मिळाले, हे खरे. परंतु दारावर क्रमांकाची पाटी लागली म्हणून घरात माणसे नांदू लागत नाहीत.

ख्रिस्ती वाचकाला तरी हे वेगळे सांगायला नको. १५७९ साली गोव्यात आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये रोमला आपल्या संघप्रमुखांना पत्र लिहिले आणि या देशाच्या भाषेत, या देशाच्याच अक्षरांत पुस्तके छापण्याची इच्छा कळवली. अडचणही त्यांनी प्रांजळपणे मांडली. येथील अक्षरे युरोपातल्यासारखी सुटी नाहीत, स्वर-व्यंजन मिळून एकेक अक्षर होते. म्हणून सहाशे साचे लागतील, युक्तीने ते दोनशेवर आणता येतील. ते साचे काही घडले नाहीत. १६१६ साली राचोलला ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले ते रोमी लिपीत. १९०७ ची मंगळूरची आवृत्तीही रोमीच. देवनागरीत छापलेले पुराण मराठी वाचकाला मिळाले ते १९५६ मध्ये, शांताराम बंडेलू यांच्या परिश्रमाने. तीनशे चाळीस वर्षे एक मराठी महाकाव्य परक्या अक्षरांत अडकून पडले!

लिपी निराळी असली तरी मोडीच्या बाबतीत अडचण तीच होती, आणि ती आता सुटली आहे. व्यंजनाला एक संकेत, काना-मात्रेला दुसरा, जोडाक्षरासाठी हलन्ताचा तिसरा. त्यांची जुळणी फॉन्ट करतो. स्टीफन्सना दोनशेवर आणायचे होते ते एकोणऐंशीत बसले. मग आता सबब कोणती?

मराठवाड्यात २०२३ साली याची परीक्षा झाली. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणारा माणूस शोधण्याची वेळ आली. संकेत मिळून नऊ वर्षे लोटली होती. पण संगणकाला विचारण्यासारखे त्यात काही भरलेलेच नव्हते. कागदाचे छायाचित्र म्हणजे मजकूर नव्हे. त्यात नाव शोधता येत नाही, गाव शोधता येत नाही.

देवनागरीत लिप्यंतर केले की झाले, असे यावर सांगितले जाते. मला ते पुरेसे वाटत नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो. आधी ओळ आखून तिच्याखाली अक्षरे सलग ओढलेली असतात, शब्द कोठे तुटतो हे वाचणाऱ्याने ठरवायचे. देवनागरी प्रत म्हणजे त्याचा निवाडा. निवाडा हवाच, पण मूळ साक्षही शेजारी हवी. जमिनीचा किंवा जातीचा प्रश्न जिथे एका शब्दावर लटकतो, तिथे दुसऱ्या जाणकाराला पहिल्याचे वाचन अक्षर न् अक्षर तपासता आले पाहिजे. उद्या यंत्राला मोडी वाचायला शिकवायचे असले, तरी त्याला छायाचित्र आणि त्याबरहुकूम टंकलेली मोडी ओळ अशा हजारो जोड्या लागतील. त्या आकाशातून पडणार नाहीत.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. सरकारी खर्चाने जे जे मोडी कागद वाचले जातील त्यांचे छायाचित्र, मोडी संकेतांतील मजकूर आणि देवनागरी वाचन ही तिन्ही एकत्र ठेवावीत आणि सर्वांना खुली करावीत. पुराभिलेख संचालनालयाच्या मोडी वर्गांत टाक-बोरूबरोबर कळफलकही शिकवावा. मृत लिपीवर एवढा खर्च कशाला, असे विचारणाऱ्यांनी २०२३ मध्ये तहसील कचेऱ्यांत उभ्या असलेल्यांना ते विचारून पाहावे.

आणि आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनी आपापल्या पेट्या एकदा उघडाव्यात. जुने खरेदीखत, वतनाचा कागद, सावकाराची पावती निघाली तर ती वाळवीच्या किंवा रद्दीवाल्याच्या स्वाधीन करू नये. वाचून घेताना ‘यात काय आहे’ एवढ्या तोंडी सारांशावर समाधान मानू नये. ओळीस ओळ उतरवून मागावी, आणि वाचणाऱ्याला त्याचे पैसे द्यावेत.