स्वखर्चाची शाल

वीस वर्षं बँकेत शिक्के मारले म्हणून मी शिक्क्यातला उस्ताद झालो, असं आमचा मॅनेजरही म्हणत नाही. सीनिऑरिटी वाढली, एवढंच. पण हे ‘रूनस्केप’वाल्यांना कोण सांगणार?

इंग्लंडात 2001 साली निघालेला हा ऑनलाइन खेळ. त्याची 2007 ची आवृत्ती 2013 मध्ये लोकाग्रहास्तव पुन्हा चालू झाली, तिच्याबद्दल बोलतोय. जगभरची माणसं त्यात लाकडं तोडतात, मासे धरतात, रांधतात, धनुष्यं करतात. प्रत्येक कामाला गुण, गुणांवरून पायरी, पायऱ्या 99. आमचे चिरंजीव याला ‘स्किल’ म्हणतात. मी चक्रवाढ व्याज म्हणतो. पुढची पायरी मागचीपेक्षा साधारण दहा टक्क्यांनी महाग. दहा टक्क्यांनी रक्कम सातेक वर्षांत दुप्पट होते, हे बी.कॉम.च्या पोराला ठाऊक असतं. इथे दर सात पायऱ्यांना. म्हणून 99 ला लागतात 1,30,34,431 गुण, आणि 92 वर धापा टाकत पोचलेल्या इसमाच्या खाती जमा असतात 65,17,253. म्हणजे निम्मे!

चढा बापडे. हरकत आहे ती ‘कौशल्य’ या शब्दाला. कोळंबीचं घ्या. सुरुवातीला ती करपते, ती लक्ष नव्हतं म्हणून नव्हे. फासे तसे पडले म्हणून. आणि स्वयंपाकाची 34 वी पायरी गाठली की जन्मात करपत नाही. आमच्या स्वयंपाकघरात अशी पायरी अजून कुणाला सापडलेली नाही. दाराची बेल वाजली की अनुभवी हातालाही आधी गॅस बारीक करावा लागतो.

धनुष्यांचं तर विचारूच नका. हजारो करायची आणि बाण एकही सोडायचा नाही. मंत्र टाकून त्यांची नाणी करायची. ज्याच्या खुर्चीवर कधी कुणी बसलंच नाही, त्याला सुतार म्हणायचं?

‘‘बाबा, सरावानेच हात बसतो!’’ इथे हात बसत नाही, नुसता माणूस बसतो.

खरं कसब या खेळात नाही असं नाही. त्याचा ठोका 0.6 सेकंदाचा. काही पोरं त्या ठोक्यावर तबलजीसारखी बोटं चालवून इतरांपेक्षा भराभर मासे काढतात. याला म्हणतात हात बसणं! पण या कसबाची वेगळी पायरी? नाही. हा आणि पेंगत माऊस दाबणारा, 99 वर पोचले की दोघांच्या खांद्यावर एकच शाल. तीही 99,000 नाणी मोजून विकत घ्यायची. सत्कार तुमचा, शालीचे पैसेही तुमचेच.

त्या खेळात बँकाही आहेत. ठेवींवर व्याज नाही, जेवणाची सुट्टी नाही, आणि काउंटरमागे अहोरात्र उभ्या असलेल्या इसमाला एकही पायरी नाही. युनियनला कळवावं म्हणतो.