डावी बाजू भक्कम हवी

गुढीपाडवा झाला की वैशाखातल्या अक्षय तृतीयेपर्यंतचा महिना मराठवाड्यात कुटुंबाच्या एकत्र जेवणाचा असतो. परळी तालुक्यातील सिरसाळा आणि आसपासच्या गावांत तर या दिवसांचे महत्त्व अधिकच. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यांकडे गेलेली अनेक ऊसतोड कुटुंबे हंगाम संपवून याच सुमारास घरी परततात. पुण्या-मुंबईला कामाला असलेली पोरे येतात, लेकी माहेरी येतात. सहा महिन्यांनी घर भरलेले असते. मग जेवणाला काय करायचे, हा प्रश्न निघतो आणि पहिल्याच वाक्यात सुटतोही: पाडव्याला पुरणपोळी, अक्षय तृतीयेला आमरस. पुढचा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. पोळीच्या सोबतीला काय?

याच महिन्याच्या आसपास, वसंतातील पौर्णिमेनंतरच्या रविवारी ईस्टर येतो आणि वसईपासून जालन्यापर्यंतच्या ख्रिस्ती घरांतही असेच मोठे जेवण होते. धर्म कोणताही असो, सणाचा मुख्य पदार्थ परंपरेने ठरलेला असतो आणि तो बदलावा असे कोणाला वाटतही नाही. तो बदलण्याची गरजही नाही. घरच्या माणसाच्या हातात खरी निवड असते ती जोडीच्या पदार्थांची. सणाचे जेवण पचणार की जड जाणार, मधुमेही आजोबांची साखर किती चढणार, बाळंतीण लेकीच्या पोटात लोह जाणार की नाही, हे बरेचसे या निवडीवर ठरते. म्हणून हा विषय स्वयंपाकघराचा असला तरी आरोग्याच्या स्तंभात त्याची जागा आहे.

आधी ताटाचा हिशेब पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024च्या मे महिन्यात भारतीयांसाठी नवी आहार मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिवसाला 2000 कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यांनी सुचवलेले प्रमाण असे: धान्ये 250 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळे 100 ग्रॅम, डाळी किंवा अंडी-मांस 85 ग्रॅम, दाणे-तीळ-बियांसारखे पदार्थ 35 ग्रॅम, तेल-तूप 27 ग्रॅम आणि दूध-दही 300 मिलिलिटर. म्हणजे दिवसभराच्या ताटाचा साधारण निम्मा भाग भाज्या-फळांचा असावा. आता पाडव्याचे ताट डोळ्यांपुढे आणा. पोळीत गहू, डाळ आणि गूळ. वर तूप. बाजूला भात. कुरडई म्हणजे भिजवलेल्या गव्हाचा चीक, जवळजवळ निव्वळ पिष्ट, तेही तेलात फुललेले. भजी, पापड, तळलेला वडा. भाजी बहुतेक वेळा बटाट्याची. कोशिंबीर चमचाभर. पुरणातली हरभरा डाळ सोडली तर या ताटात पिष्ट, साखर आणि तेल यांचेच राज्य असते. सोबतीला म्हणून घेतलेले पदार्थही मुख्य पदार्थाचेच काम पुन्हा करतात.

आपल्या जुन्या वाढपाची मांडणी खरे तर याच्या उलट आहे. ताटाच्या टोकाला मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटण्या, कोशिंबिरी, उजवीकडे भाज्या, आमटी, मध्ये वरणभात. डावी बाजू आंबट, तिखट, कच्ची, तंतुमय. उजवी बाजू शिजलेली, पोटभरीची. या मांडणीमागे कोणी प्रयोगशाळा चालवली होती असे म्हणण्याचे कारण नाही. पण जड जेवणाला हलकी, ताजी जोड हवी, हा अनुभव तिच्यात नक्की आहे. काळाच्या ओघात मात्र डावी बाजू आक्रसत गेली. मीठ-लिंबू राहिले, चटणी बोटाला लागेल एवढी उरली, कोशिंबिरीची वाटी ताटातला ठिपका झाली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पापड-कुरडयांनी ठाण मांडले.

ही बाजू पुन्हा वाढवण्याला आज शास्त्रीय आधारही आहे. 2015मध्ये न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी टाइप 2 मधुमेहाच्या 11 रुग्णांवर एक साधा प्रयोग केला. जेवण तेच ठेवले, फक्त क्रम बदलला. भाजी आणि प्रथिने आधी खाऊन पाव आणि फळांचा रस नंतर घेतला, तेव्हा जेवणानंतर अर्ध्या तासाने रक्तातली साखर उलट क्रमाच्या तुलनेत सुमारे 29 टक्के आणि तासाभराने सुमारे 37 टक्के कमी भरली. प्रयोग लहान होता, पण त्यामागची क्रिया समजण्यासारखी आहे. तंतू आणि प्रथिने आधी पोटात गेली की जठर रिकामे होण्याची गती मंदावते, पिष्टाची साखर होऊन ती हळूहळू रक्तात उतरते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे. प्रौढांतील प्रमाण 11.4 टक्के. म्हणजे सणाच्या मोठ्या पंगतीत एखादा तरी मधुमेही असणारच. त्याला पोळी नाकारून पंगतीत एकटे पाडण्यापेक्षा सर्वांनाच आधी वाटीभर कोशिंबीर आणि उसळ वाढली तर कोणाचा सण बुडत नाही. अर्थात, क्रम बदलला म्हणून पोळ्यांची संख्या वाढवायची नाही आणि औषध चुकवायचे नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे.

मग निवडायचे काय? त्यासाठी बाहेरून काही आणावे लागत नाही. आपल्या रानात आणि आठवडी बाजारात जे आहे तेच पुरते. पहिली वाटी कच्च्या भाजीची. या दिवसांत काकडी, गाजर, कांदा, टोमॅटो मिळतात. मेथी मिळाली तर तिचा घोळाणा करावा. त्यात दाण्याचे कूट घातले की तंतूंबरोबर प्रथिनेही येतात. दुसरी वाटी मोड आलेल्या मटकी-मुगाची, तेल कमी घातलेली उसळ. तिसरी, पुरणाच्या डाळीचे पाणी न टाकता केलेली कटाची आमटी. डाळ शिजताना पाण्यात उतरलेली खनिजे आणि जीवनसत्त्वे या आमटीमुळे ताटात परत येतात. आपल्या आज्यांनी कट कधी टाकला नाही, तो काटकसरीपोटी असेल. पोषणाच्या दृष्टीनेही ते बरोबरच होते. चौथी जोड कोरड्या चटण्यांची: जवस, कारळे, तीळ, शेंगदाणा. मराठवाड्याची ही खरी श्रीमंती. जवसात ओमेगा-3 गटातले मेदाम्ल भरपूर असते आणि अख्ख्या जवसापेक्षा कुटलेल्या जवसातून ते शरीराला अधिक मिळते. तिळात कॅल्शियम मुबलक. पाचवी जोड वाटीभर दही किंवा ताक. आणि एखादी पालेभाजी, जी सणाला उगीचच कमी प्रतीची समजली जाते.

ही यादी वाढवण्याची नसून अदलाबदलीची आहे, हे लक्षात घ्यावे. तळणाचे चार प्रकार असतील तर एक ठेवावा. कुरडई हवी असेल तर भजी नको, भजी हवी असतील तर पापड भाजून घ्यावा. बटाट्याच्या भाजीऐवजी दोडका, गवार किंवा वांगे करावे. स्वयंपाक करणाऱ्या बाईचे कामही यामुळे हलके होते; चैत्र-वैशाखाच्या उन्हात चुलीपुढे तासन्‌तास तळण काढणे ही काही हौस नसते. उरलेल्या तळणाच्या तेलाबाबतही सावध राहावे. तेल पुन्हापुन्हा तापवले की त्यात अपायकारक संयुगे वाढत जातात. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने अशा संयुगांची मर्यादा 25 टक्के ठरवून त्यापुढे गेलेले तेल वापरण्यास 2018पासून मनाई केली आहे. घरात हे मोजता येत नाही. म्हणून काळे पडलेले, घट्ट झालेले, फेसाळणारे तेल दुसऱ्या सणासाठी जपून न ठेवणे, हाच सोपा नियम.

डाव्या बाजूला एक धोकाही आहे, तो मिठाचा. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा मीठ सांगितले आहे. लोणच्यात मीठ, पापडात मिठाबरोबर पापडखार आणि त्यातला सोडियम, चटणीत मीठ, शिवाय ताटात वेगळे वाढलेले मीठ. रक्तदाब असलेल्या माणसाची दिवसभराची मर्यादा एवढ्यातच संपते. तेव्हा लोणचे, पापड आणि खारवलेली मिरची यांपैकी एकच घ्यावे. कोशिंबिरीची चव लिंबाने आणि जिऱ्याने आणावी. ताटातले मीठ मागितल्यावरच वाढावे.

आता आपल्या भागाची खास अडचण. कोशिंबीर खा, हे सांगणे सोपे. पण ती धुवायची कोणत्या पाण्याने? उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातील अनेक गावांना टँकरचे पाणी मिळते आणि तेही मोजून. अशा पाण्यात धुतलेली कच्ची भाजी जुलाबाचे निमित्त ठरू शकते. म्हणून भाजी धुण्यासाठी पिण्याइतकेच शुद्ध, उकळलेले किंवा क्लोरीनचे थेंब घातलेले पाणी वापरावे. काकडी-गाजराची साल काढावी. पाण्याची खात्री नसेल तर कच्च्याचा हट्ट नको. गाजर, कोबी, घेवडा वाफवून त्याची कोशिंबीर करावी. पारा चाळिशीला टेकलेला असताना दह्यातली कोशिंबीर सकाळी कालवून दुपारपर्यंत ठेवणे धोक्याचे आहे. भाज्या चिरून झाकाव्यात. दही आणि मीठ पान वाढताना घालावे. मीठ आधी घातले तर भाजीला पाणी सुटते, चव जाते आणि ती लवकर आंबते. जास्त उन्हात दही घातलेला पदार्थ तासाभरापेक्षा अधिक काळ बाहेर ठेवू नये. उरला तर रात्रीसाठी जपू नये.

आणि शेवटचा मुद्दा, जो पाककृतीत लिहिलेला नसतो. सणाच्या दिवशी आधी पुरुषांची पंगत बसते, मग मुलांची, शेवटी बायकांची. त्या वेळेपर्यंत पोळ्या उरलेल्या असतात, भात असतो, कुरडयाही असतात. संपलेली असते ती नेमकी कोशिंबीर, उसळ आणि लिंबू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातल्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले. आधीच्या फेरीत हे प्रमाण 48 टक्के होते. डाळी आणि पालेभाज्यांतले लोह शरीरात शोषले जायला क जीवनसत्त्वाची मदत लागते. म्हणजे ताटातली लिंबाची फोड शोभेची नाही. तिचे काम आहे. जेवणावर लगेच घेतलेला चहा हे लोह शोषू देत नाही, म्हणून चहा तासभर लांबवावा. पण जिला लोहाची सर्वांत जास्त गरज, तिच्याच ताटात उसळ आणि लिंबू पोहोचत नसेल, तर पोषणाचे सगळे ज्ञान वाया गेले. सहा महिने फडात ऊस तोडून, मोळ्या वाहून आलेल्या बाईला घरच्या सणातही उरलेसुरलेच मिळावे, हे कोणत्या परंपरेत बसते?

यावर काही जण म्हणतील, सण वर्षातून एकदा येतो, तेव्हा तरी मोजमाप नको. भावना समजण्यासारखी आहे. पण सण एकदाच येत नाही. पाडव्यामागून रामनवमी, हनुमान जयंती, गावची जत्रा, अक्षय तृतीया आणि या सर्वांच्या मध्ये लग्नसराई. महिना-दीड महिना पंगती उठतच असतात. शिवाय येथे कोणाच्या ताटातून काही काढून घेतलेले नाही. पुरणपोळी आहे, तूप आहे, आमरस आहे, कुरडईही आहे. सोबतीला बसणाऱ्यांची फक्त निवड बदलली आहे.

तेव्हा या अक्षय तृतीयेला आमरसाचे पातेले भरण्यापूर्वी घरात तीन गोष्टी ठरवाव्यात. तळण एकच. कोशिंबीर आणि उसळ चमचाभर नव्हे, वाटीभर, आणि तीही पहिल्यांदा. अन्‌ पंगत एकच, सर्वांची. ते जमणार नसेल तर मागे बसणाऱ्यांची वाटी आधीच बाजूला काढलेली. यासाठी पैसा लागत नाही, डॉक्टरची चिठ्ठीही लागत नाही. वाढणाऱ्याने हात थोडा डावीकडे सैल सोडला, तरी पुरे.